पंचांग पाहून समुद्राकडे

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त भूगोल शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



या व्यासपीठावरून एरवी इतिहासावर, संतसाहित्यावर, राष्ट्रजीवनातील गंभीर प्रश्नांवर विचार मांडले जातात. 'सुट्टीत समुद्रकिनारी जाताना' हा विषय त्या मालिकेत हलकाफुलका वाटावा, हे स्वाभाविक आहे. संयोजकांनीही बहुधा श्रोत्यांना थोडा विसावा म्हणूनच तो सुचवला असावा. परंतु या विषयाची दुसरी बाजू मी जवळून पाहिली आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, माझे आजचे बोलणे पूर्णपणे मनोरंजक असणार नाही.

माझे आजोळ मालवणजवळचे. हयात मात्र पुण्यात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. भरती-ओहोटीचा धडा मी तीस वर्षे शिकवला. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आले की उधाणाची भरती आणि काटकोनात आले की भांगाची, ही आकृती फळ्यावर डोळे मिटून काढता येईल इतक्या वेळा काढली. आणि तरीही २००३ च्या मे महिन्यात, वैशाख पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले असताना, दुपारी चारच्या सुमारास मी माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याला देवबागच्या टोकाशी समुद्रात उतरू दिले.

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. दृश्य इतके मनोहर की, माणूस तिथे सावध राहायचे विसरतो. आम्ही जेवून, थोडा डोळा लागून, ऊन कलल्यावर बाहेर पडलो होतो. पाणी शांत दिसत होते. भाचा कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि बघता बघता आमच्यातले अंतर वाढू लागले. तो पोहत होता, हात मारत होता, तोंड आमच्याकडे होते, आणि तरीही तो दूर जात होता. त्या दोन-तीन मिनिटांचे वर्णन मी आजवर कुणापाशी केलेले नाही. इथेही करीत नाही. जवळच रापण ओढणाऱ्या मंडळींपैकी दोघांनी होडी पाण्यात लोटली आणि त्याला बाहेर काढले. वाळूवर त्याला पालथा घालून पाठ चोळणारा वयस्क तांडेल माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "मास्तरानू, दर्याक इचारल्याबिगर पाण्यात उतरूचा नाय."

दर्याला विचारायचे म्हणजे काय करायचे, एवढाच आजचा विषय आहे.

आपण सुट्टीची आखणी कशी करतो, ते जरा आठवून पाहा. कार्यालयातून रजा किती मिळते, मुलांची परीक्षा कधी संपते, गाडीचे आरक्षण कोणत्या दिवसाचे मिळते, खोली कुठे स्वस्त पडते. हे सगळे ठरले की शेवटी आपण समुद्रापाशी पोहोचतो. या साऱ्या हिशेबात समुद्राचे वेळापत्रक कुणी पाहिलेलेच नसते. डोंगरावर जाताना आपण थंडी-पाऊस पाहतो, तीर्थयात्रेला जाताना पर्वकाळ पाहतो. समुद्र मात्र बारा महिने चोवीस तास आपल्यासाठी उघडाच असणार, असे आपण गृहीत धरतो.

वर्षाचा हिशेब आधी घेऊ. मालवणचा किनारा साधारणतः सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडे सरकताना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो बरोबर या किनाऱ्याच्या डोक्यावर येतो. भरदुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. आपली मे महिन्याची सहल नेमकी याच उन्हात होते. त्याच दिवसांत गावच्या विहिरी तळ गाठत असतात. मुंबई-पुण्याची चार माणसे दिवसातून तीनदा न्हाऊन खारट अंग धुतात, तेव्हा ते पाणी यजमानीणबाईंनी कुठून आणलेले असते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मे उतरणीला लागला की समुद्राला नैर्ऋत्येची लाट जाणवू लागते. अखेरच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले सारे खेळ बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ही बंदी माशांच्या विणीसाठी आहे, तशीच माणसांच्या जिवासाठीही आहे. श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्यावरच कोळी बांधव दर्यावर हक्काने जातो. जे आयुष्यभर समुद्रावर जगतात, तेही त्याच्या परवानगीसाठी थांबतात. शहरातून आलेल्या पाहुण्याने मात्र थांबायचे नाही, हे कसे?

'आंब्यांसाठी मे महिना हवा' असे कुणी म्हणेल. हापूसची पेटी घरपोच येते. ज्याला समुद्र हवा, त्याने कार्तिक ते माघ हा काळ धरावा. नोव्हेंबरपासून पाणी निवळू लागते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, तो पाण्याचा पृष्ठभाग कसा इस्त्री केल्यासारखा ठेवतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे, आणि दुपारपर्यंत पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटू लागतात. यातून एक साधी गोष्ट निघते. किल्ल्याची होडी, डॉल्फिन पाहणे, पाण्याखालची प्रवाळे पाहणे, हे सगळे सकाळी उरकावे. आपली मंडळी करतात नेमके उलट. सकाळी घावन-चटणीची न्याहारी रेंगाळत करतात आणि बाराच्या उन्हात होडीसाठी रांग लावतात. मग होडी डोलते, मुलांना ओकाऱ्या होतात आणि सहल 'वाईट गेली' असे ठरते. घावनाला माझा विरोध नाही. ते परत आल्यावरही गरमच मिळते.

आता महिन्याचा हिशेब. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेला आहे.

कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला यंत्र लागत नसे. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, आले ते पूर्ण भरतीचे घड्याळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, आणि नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे छापील कोष्टक मिळते, आता मोबाइलवरही मिळते. पण सहलीची तारीख ठरवण्यासाठी हा पाढा पुरेसा आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याचेच हे गणित. ज्या समाजाने तिथी हे कालमापन रोजच्या व्यवहारात ठेवले, त्याच्या हाती समुद्राचे घड्याळ आपोआप आले. आपण तिथी फक्त उपवासापुरती शिल्लक ठेवली आणि घड्याळ हरवले.

या पाढ्याचा उपयोग कसा होतो, ते पाहा. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती पूर्ण होते. तिथून संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाणी बाहेर जात असते. द्वितीयेला दीडला भरती, म्हणजे दीड ते पावणेआठ ओहोटी. हे उधाणाचे दिवस. चढलेले पाणी नेहमीपेक्षा अधिक, म्हणून उतरणारेही अधिक आणि वेगाने. भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या दोन-अडीच तासांत ही ओढ सर्वांत जोरात असते. म्हणजेच पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, दुपारचे जेवण करून, अंमळ पडून, तीन-चार वाजता जो पर्यटक समुद्रात उतरतो, तो पंधरवड्यातल्या सर्वांत जोरकस उतरत्या पाण्यात उतरतो. २००३ साली मी तेच केले होते. भरीला नदीचे मुख. कर्ली नदीत चढलेले पाणीही त्याच वेळी समुद्राकडे निघालेले. भूगोलाच्या शिक्षकाला ही आकृती फळ्यावर येत होती, वाळूवर आली नाही.

उलट सप्तमी ते दशमीचे दिवस घ्या. हे भांगाचे दिवस. पाण्याचा चढउतार थोडा. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी पूर्ण होते आणि तिथून संध्याकाळी सहापर्यंत पाणी किनाऱ्याकडे येत असते, तेही सावकाश. गाळ कमी ढवळला जातो, म्हणून पाणी अधिक नितळ. मुलेबाळे घेऊन जाणाऱ्याने हेच दिवस धरावेत. आणि यात अडचण काहीच नाही. पक्ष सुमारे पंधरा दिवसांचा. एक शनिवार-रविवार उधाणाजवळ आला, तर बहुधा पुढचा भांगाजवळ येतो. रजेचा अर्ज एक आठवडा पुढे-मागे केला की झाले.

मात्र भांगाचे दिवस आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्या दुर्घटनांनी महाराष्ट्र हळहळला, त्या पावसाळ्यातल्या नव्हेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ जणांचा अंत झाला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे गेले. फेब्रुवारी, एप्रिल, मे. कुणाच्याही दिनदर्शिकेत हे 'सहलीचे महिने' आहेत. यातल्या कुठल्या घटनेत नेमके काय झाले, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसमोर ती भाषा शोभणार नाही. पण किनाऱ्यावर उभे राहून जे ओळखता येते, ते सांगणे माझे काम आहे.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाणार कुठून? वाळूच्या दोन उंचवट्यांमधून जिथे वाट मिळेल तिथून ते एका अरुंद पट्ट्यात जोराने मागे फिरते. या पट्ट्यात लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत दिसणारे पाणी. कधी त्यात वाळू मिसळून ते गढूळ दिसते. नवखा माणूस लाटांना घाबरतो आणि जिथे लाट नाही तिथे मुलाला घेऊन उतरतो. धोक्याची जागा नेमकी तीच असते. या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. कितीही चांगला पोहणारा असो, दमतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून खूण करावी, आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. पट्टा अरुंद असतो. त्यातून बाजूला निघाले की लाटाच आपल्याला परत आणतात. काठावरच्यांनी त्याच्यामागे उडी घेऊ नये. हे सांगताना माझा आवाज जड होतो, कारण त्या दिवशी माझ्या बहिणीला आम्ही दोघांनी धरून ठेवले होते. दोर, रिकामे प्लास्टिकचे कॅन, गाडीतली फुगवलेली ट्यूब, जे तरंगते ते फेकावे, आरडाओरडा करून गावकऱ्यांना बोलवावे, ११२ क्रमांक फिरवावा. नदी-खाडीच्या मुखाशी मात्र कधीच, कोणत्याही तिथीला उतरू नये. आणि मद्य घेऊन पाण्यात जाणाऱ्याला पंचांगाचा काही उपयोग नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता थोडे आनंदाचे बोलू. समुद्राला विचारून गेलेल्या माणसाला तो काय काय दाखवतो!

२५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी शिवछत्रपतींनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ केला. त्याआधीचे भूमिपूजन जिथे झाले, तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर आहे. त्यावर गणेशाबरोबर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. भरती-ओहोटी चालवणारे हे दोघे समुद्री किल्ल्याच्या पूजेला साक्षी असावेत, हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांचे जाळे आहे. अनोळखी गलबताला वाट सापडू नये, अशी जागा निवडलेली. होडीवाला आजही वळणे घेत नेतो, सरळ रेषेत नाही. आत गेल्यावर बहुतेक पर्यटक तटावर छायाचित्रे काढून परततात. आपण तसे करू नका. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी थांबा. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर ही गोडी आहे, आणि आपल्या पूर्वजांनी बांधकामाआधी ती शोधून ठेवली होती. राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर पाहा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आहेत. विजयदुर्गला जाणार असाल तर वाघोटन खाडीतली आरमारी गोदीही पाहून या. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीत कोरडे पडू द्यायचे आणि डागडुजी करायची. समुद्राचे घड्याळ कामाला लावणारी ही माणसे होती.

सिंधुदुर्गाजवळ पद्मगड नावाचे छोटे ठाणे आहे. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्याकडून तिथे चालत जाता येते. पाणी भरू लागले की परतीची वाट नाहीशी होते. म्हणून जाण्याआधी गावकऱ्याला वेळ विचारावी आणि त्याने 'आता नको' म्हटले तर हुज्जत घालू नये.

किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. मच्छीमारांना त्याबद्दल तक्रारी आहेत, त्या खोट्या नाहीत. पोटाचा प्रश्न न सोडवता नकाशावर रेघ मारली की असे होते. पाहुण्याने मात्र एवढे पाळावे की, पाण्याखाली प्रवाळावर पाय ठेवू नये आणि आठवण म्हणून तुकडा खिशात घालू नये. तो दगड नाही, जिवांची वसाहत आहे. डुबकी मारायची असेल तर प्रशिक्षित माणसाबरोबर, अंगात जीवरक्षक जाकीट घालून होडीत बसूनच. होडीत किती माणसे घेतली ते स्वतः मोजा. जास्त असतील तर उतरा. पैसे बुडतील, बुडू द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी उत्तरेकडे मंडणगड तालुक्यातले वेळास वाटेत घ्यावे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात तिथे वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांचे रक्षण सुरू केले. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्यात सोडले जाते. गावात मोठी हॉटेले नाहीत. गावकऱ्यांच्या घरी उतरायचे, पंगतीला बसायचे. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. तेव्हा 'एवढे पैसे भरून आलो' म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. कासवाला आपली पावती दाखवता येत नाही.

दक्षिण कोकणात देवाचे वेळापत्रकही असेच माणसाच्या हाती नसते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी, हे कुठल्याही दिनदर्शिकेत वर्षाआधी सापडत नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग मुंबईकर चाकरमान्यांची आरक्षणाला झुंबड उडते. आचरे गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की सारे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन तीन रात्री झोपड्यांत राहते. घरे मोकळी, रस्ते मोकळे. एका गावाने आपल्या जागेला दिलेली ही विश्रांतीच म्हणायची. पर्यटनाच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा, असे मला पुष्कळदा वाटते.

प्रवासाचे फार सांगण्यासारखे नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे, तिथून मालवण तासाभराच्या आत-बाहेर. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस नाही. म्हणून पंचांग आधी पाहून दिवस धरा. उतरण्यासाठी निवास व न्याहारी देणारी घरे तारकर्ली, देवबाग, वायरी, भोगवे इथे भरपूर आहेत. माझा आग्रह घरांचाच. काळ्या वाटाण्याचे सांबार, सोलकढी, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या हे पदार्थ खानावळीच्या फलकावर असले तरी घरची चव वेगळी. शिवाय पाण्याबद्दल विचारायला जाणकार माणूस दाराशीच असतो. शाकाहारी मंडळींचे तिथे हाल होतात, ही समजूत चुकीची आहे. फक्त आदल्या दिवशी सांगावे.

परदेशी वा परप्रांती किनारे निवडणाऱ्यांनीही ऋतूचा हाच विचार करावा, फक्त आपला ऋतू तिथे चिकटवू नये. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या हिवाळ्यात तिथे पावसाळा. थायलंडच्या फुकेतला मात्र आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. नाताळच्या सुट्टीत स्वस्तात बाली मिळाले म्हणून आनंदाने निघालेले एक कुटुंब पाच दिवस खोलीत पत्ते खेळून परत आल्याचे माझ्या माहितीत आहे. स्वस्त का मिळाले, हे त्यांनी विचारले नव्हते.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी मागच्या रांगेतल्या एका भगिनींनी मला चिठ्ठी दिली. त्यांचे कुटुंब पौष शुद्ध सप्तमीला तारकर्लीला पोहोचते आणि दशमीला निघते. बरोबर सासूबाई आणि दोन लहान मुले. त्यांना वेळ काढूनच देतो. ताई, दिवस उत्तम निवडलेत, जाणूनबुजून असोत वा नशिबाने. अष्टमीला सकाळी लवकर किल्ल्याची होडी गाठा, खारा वारा सुटायच्या आत परत या. मुलांना पाण्यात न्यायचे ते दुपारी तीन-साडेतीननंतर, पाणी चढते असताना, गुडघ्यापर्यंत, आणि तुम्ही त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभ्या राहा. देवबागच्या टोकाला होडीतून फिरा, पण तिथे उतरून न्हाऊ नका. सासूबाईंसाठी सुरूच्या सावलीत एक खुर्ची मागून घ्या, कुणीही देईल. आणि पहाटे पुळणीवर रापण ओढली जात असेल तर मुलांना दोराला हात लावू द्या. तांडेल नाही म्हणणार नाही. निघताना त्याला दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची वेळ तेवढी विचारून ठेवा.